काखमांजरी, बेंड, आवाळू, अंगावर सूज... केसपेपरवर सगळ्यालाच स्वेलिंग लिहायचं का?

जिंतूरची_लेक

नमस्कार सगळ्यांना. मी जीएनएमच्या (नर्सिंग डिप्लोमाच्या) दुसऱ्या वर्षाला आहे, गाव जिंतूर तालुक्यातलं, शाळा सगळी मराठी मीडियमची. सध्या ड्युटी सर्जरीच्या ओपीडीला लागलीय अन् पेशंटची हिस्ट्री लिहून घ्यायचं काम आम्हा पोरींकडं असतं. आता होतं काय, खेड्यातून येणारी माणसं आपापल्या शब्दात सांगतात. एक आजी म्हणाल्या काखमांजरी झालीय, त्यांच्या मागचे बाबा म्हणाले जांघेत अवधान आलंय, एकाच्या पाठीवर आवाळू, एकाला मांडीला बेंड, एका लेकराच्या डोळ्याला रांजणवाडी. अन् आम्ही सगळ्याच्या पुढं एकच शब्द लिहायलोत, स्वेलिंग. आमच्या इनचार्ज सिस्टर म्हणायल्यात नुसतं स्वेलिंग लिहून डॉक्टरला काय कळणार, लंप आहे का बल्ज आहे का इडिमा आहे ते बघून लिहा. डिक्शनरी उघडली तर बंप, लंप, बल्ज, नोड्यूल, ट्युमर सगळ्यापुढं फिरून फिरून सूज किंवा गाठ एवढंच येतं. मंग यातलं कधी काय लिहायचं? आणि आपल्याकडच्या शब्दांना इंग्रजीत काय म्हणतात हे कुणी नीट सांगेल का? गुगलवर आपले शब्द टाकले तर काहीच धड सापडत नाही.

सिस्टर_अंबाजोगाई

पोरी, मी मराठवाड्यातल्याच सरकारी दवाखान्यांमध्ये नोकरी केली, आता रिटायर आहे, त्यामुळं यातला एकेक शब्द कानावरून गेलेला आहे. आधी एक लक्षात ठेव, पेशंटचा शब्द टाकून देऊ नको. काखमांजरी म्हणलं की काख आली, पू आला, हात खाली टेकवता येत नाही इतका ठणका आला. तू स्वेलिंग लिहिलंस की यातलं सगळं गळून गेलं. म्हणून पेशंट काय म्हणला ते मराठीतच लिहायचं आणि त्याच्यापुढं तू हात लावून काय बघितलंस ते इंग्रजीत.

आता तुझ्या इंग्रजी शब्दांचं. स्वेलिंग हा सगळ्यांना पोटात घेणारा शब्द आहे, म्हणजे अंगाचा कुठला बी भाग नेहमीपेक्षा मोठा दिसला की स्वेलिंग. ते चूक नसतं पण अर्धंच असतं. लंप कधी लिहायचं, तर बोटं फिरवल्यावर जिची कड सापडते, इथं सुरू झाली इथं संपली असं सांगता येतं ती गाठ. आवाळू म्हणजे लंप, बहुतेक वेळा ती चरबीची गाठ निघते आणि डॉक्टर तिला लायपोमा लिहितात, कातडीखाली बोटानं ढकलली की इकडंतिकडं सरकते, दुखत नाही, वर्षानुवर्षं तशीच राहते. नोड्यूल म्हणजे बारकी कडक गाठ. बल्ज म्हणजे आतलं काहीतरी बाहेर ढकललं जाऊन आलेला फुगवटा, जसा अंतर्गळ. माणसाला उभं करून खोकायला लावलं की जांघेत फुगवटा येतो, आडवा झाला की आत जातो. हे खोकायला लावून बघणं विसरू नको, बरेच म्हातारे लाजून सांगतच नाहीत. आणि तो फुगवटा आत जाईना, दुखायला लागला, उलट्या सुरू झाल्या तर ओपीडीच्या लाईनीत बसवून ठेवायचं नाही, तसंच उठून डॉक्टरला आवाज द्यायचा.

बंप हा बोलण्यातला शब्द आहे. लेकरू चौकटीवर आदळलं अन् कपाळाला टेंगूळ आलं, तर ते बंप. पण केसपेपरवर मार कधी लागला, उलटी झाली का, लेकरू झोपाळल्यासारखं करायलंय का, हे टेंगळाच्या आकारापेक्षा जास्त महत्त्वाचं.

बेंड, गळू म्हणजे अॅब्सेस. केसाच्या मुळाशी होतं ते केसतूड, करट म्हणतात काहीजण, त्याला बॉइल. शुगर असलेल्या माणसाच्या मानेवर नाहीतर पाठीवर दोनचार तोंडं पडलेलं मोठं बेंड आलं तर ते कार्बंकल, तिथं पहिल्यांदा शुगर तपासायची. रांजणवाडीला स्टाय. नखाच्या कडेला पू धरून बोट ठणकतं ते नखुरडं, त्याला पॅरोनिकिया. गालगुंड म्हणजे मम्प्स. अंगावर पित्तानं गांधी उठतात त्याला अर्टिकेरिया. काठीचे वळ उठतात त्याला वेल्ट, आणि असे वळ घेऊन एखादी बाई आली तर नुसता शब्द लिहून पुढं जाऊ नको, तिला बाजूला घेऊन बोल, वळ कुठं आहेत, किती लांब आहेत सगळं लिही, पुढं तेच कागद कामाला येतात.

अवधान म्हणजे काय, तर पायाला जखम झाली, काटा मोडून पिकला, की त्याच बाजूच्या जांघेत गाठ येते, हाताला झालं तर काखेत. त्याला तू लिम्फ नोड लिहिशील. म्हणून अवधान म्हणल्याबरोबर त्या माणसाला पायताण काढायला लाव अन् तळवा बघ. निम्म्या वेळा टाचेच्या भेगेत किंवा बोटांच्या बेचक्यात चिखल्यात कारण सापडतं. मानेला अशा गाठी एकापाठी एक ओळीनं आल्या, दुखत नाहीत, संध्याकाळी बारीक ताप येतो, वजन उतरायलंय, तर जुनी माणसं गंडमाळा म्हणतात, अशा पेशंटची टीबीची तपासणी झालीच पाहिजे.

गळ्याच्या समोर गाठ असली तर पेशंटला पाण्याचा पेला दे आणि समोर उभी राहून बघ. घोट गिळताना गाठ वर सरकून खाली आली तर ती थायरॉइडची असण्याची शक्यता जास्त, त्याला आपण गलगंड म्हणतो, इंग्रजीत गॉयटर. या गलगंडासाठी देशात 1962 साली वेगळा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, आयोडीनचं मीठ त्याच्यातूनच घरोघर आलं.

लिहिताना क्रम असा ठेव: कुठं आहे, कधीपासून, वाढायलीय का, दुखते का, गरम लागते का, सरकते का चिकटून बसलीय, कडक आहे का मऊ. कडकपणा ओळखायची जुनी पद्धत आम्हाला शिकवलेली, स्वतःचा ओठ दाबून बघ म्हणजे मऊ, नाकाचा शेंडा म्हणजे घट्ट, कपाळ म्हणजे कडक. आकार पेशंट सांगतो बोराएवढी, लिंबाएवढी. पण बोर गावरान बी असतं अन् मोठं बी असतं, म्हणून टेप लावून सेंटीमीटर लिही.

आणि छातीतली गाठ. आपल्याकडच्या बाया दुखत नाही म्हणून सांगत नाहीत, सांगितलं तर हळूच, दुसऱ्याच कारणासाठी आल्यावर, जाता जाता. न दुखणारी गाठ जास्त जपून बघायची असते. तिथं स्वेलिंग लिहायचं नाही, लंप लिहायचं, कुठल्या बाजूला ते लिहायचं आणि त्याच दिवशी डॉक्टरला दाखवायचं. संभाजीनगरला सरकारी कॅन्सर हॉस्पिटल आहे, उगं मुंबई लांब पडते म्हणून माणसं घरी बसतात, त्यांना हे सांगायचं.

इंग्रजीचे_सर_लातूर

सिस्टरताईंनी दवाखान्याचं सगळं सांगितलं, मी फक्त शब्दांची बाजू सांगतो, कारण माझ्याकडं नीट आणि स्टाफ नर्स भरती दोन्हीची पोरं हेच विचारतात. ट्युमर हा शब्द ऐकला की आपण लगेच कॅन्सर धरतो. मूळ लॅटिनमध्ये ट्युमर म्हणजे साधी सूज. पहिल्या शतकात सेल्सस नावाच्या रोमन लेखकानं दाहाची चार लक्षणं लिहून ठेवली, रुबोर, ट्युमर, कॅलोर, डोलोर, म्हणजे लाली, सूज, उष्णता, वेदना. नर्सिंगच्या पुस्तकात आजही ही चार येतात, तिथल्या ट्युमरचा अर्थ सूजच घ्यायचा. आताच्या वापरात ट्युमर म्हणजे पेशी वाढून तयार झालेली गाठ, त्यात बिनाइन म्हणजे साधी आणि मॅलिग्नंट म्हणजे कॅन्सरची. त्यामुळं नुसतं ट्युमर लिहिलेला रिपोर्ट हातात पडला की नातेवाईक रडायला लागतात, तिथं पुढचा शब्द वाचून दाखवायला शिका.

इडिमा ग्रीक आहे, सुजणे या अर्थाच्या क्रियापदापासून. ग्रीक कथेतला इडिपस राजा आहे ना, त्याच्या नावातलं इडी तेच, सुजलेल्या पायाचा असा त्या नावाचा अर्थ सांगतात. वापरातला फरक एवढाच की इडिमा म्हणजे पेशींच्या मधल्या जागेत पाणी साचून आलेली सूज. मार लागून रक्त साकळलं तर ते इडिमा नाही, हिमॅटोमा.

परीक्षेसाठी स्वेल हे क्रियापद आणि स्वोलन हे विशेषण दोन्ही पाठ असू द्या, स्वोलन फीट, स्वोलन फेस असं लिहितात. लंपचे बाकीचे अर्थ, गुळाचा खडा, ढेकूळ, लंपसम रक्कम, हे दवाखान्यात लागत नाहीत. पण अ लंप इन द थ्रोट हा प्रयोग परीक्षेत येतो, त्याचा अर्थ गळा दाटून येणे. पेशंट मात्र खरंच घशात काहीतरी अडकल्यासारखं वाटतं म्हणत असेल तर तो वाक्प्रचार नाही, ती तक्रार आहे, लिहून घ्या.

जिंतूरची_लेक

सिस्टर, सर, दोघांचे खूप खूप आभार, मी हे सगळं वहीत उतरून घेतलंय आणि मैत्रिणींना पण पाठवलंय. अजून एक विचारते. पायावर सूज आहे म्हणणारे पेशंट मेडिसिनला लई येतात. ते इडिमा समजायचं का? आणि ते अंगठ्यानं दाबून बघतात त्याचं नेमकं काय असतं?

सिस्टर_अंबाजोगाई

घोट्याच्या वर, नडगीच्या हाडावर अंगठा टेकवायचा आणि हळूहळू दाबून धरायचा, कातडीवर झटका द्यायचा नाही. अंगठा उचलल्यावर तिथं खड्डा तसाच राहिला, बोट फिरवलं तर हाताला लागला, तर पिटिंग इडिमा लिहायचं. खड्डा कुठपर्यंत पडतो ते बघत वर जायचं, घोटा, नडगी, गुडघा. अंथरुणाला खिळलेल्या माणसाचं पाणी पायात न उतरता कमरेच्या मागं साचतं, म्हणून त्याला कुशीवर करून माकडहाडावर बघायचं, हे बऱ्याच जणी विसरतात.

दोन्ही पाय सुजले असतील तर हृदय, किडनी, लिव्हर, अंगात रक्त नसणं, प्रथिनं कमी पडणं, यातलं काहीही असू शकतं. सकाळी तोंड सुजतं का संध्याकाळी पाय, ते विचारायचं. बीपीच्या गोळ्या चालू आहेत का विचारायचं, अॅम्लोडिपिननं बऱ्याच जणांचे घोटे सुजतात, पण पेशंटला गोळी बंद कर असं आपण सांगायचं नाही, डॉक्टरला सांगायचं. एकच पाय सुजला, पोटरी दुखते, गरम लागते, अन् माणूस आठवडाभर अंथरुणात होता किंवा नुकतंच ऑपरेशन झालंय, तर पोटरी चोळायची नाही, शिरेत रक्ताची गाठ असू शकते. घरचे लोक मायेनं तेल लावून रगडत बसतात, त्यांना थांबवायचं.

गरोदर बाईच्या पायाला संध्याकाळी थोडी सूज येते. पण तोंडावर, हातावर सूज आली, बांगडी वर सरकेना, डोकं दुखायलंय, डोळ्यापुढं अंधारी येते म्हणली की आधी बीपी घ्यायचं आणि लघवीची तपासणी. खेड्यात सासवा म्हणतात भरलीय चांगली पोर. ती सूज असते, बाळसं नसतं.

अंगणवाडी_ताई_कळमनुरी

सिस्टर, सूज आणि बाळसं म्हणलात म्हणून मी लिहायलेय. आमच्याकडं वजनाच्या दिवशी अशी लेकरं सापडतात, गाल भरल्यासारखे दिसतात, वजन पण काट्यावर फार कमी येत नाही, आई म्हणते माझं लेकरू गुटगुटीत आहे. पण लेकरू हसत नाही, खात नाही, केस भुरे झालेले, चिडचिड करतं. अशा लेकराच्या दोन्ही पावलांवर एकदम अंगठे ठेवून तीन सेकंद दाबायचं आणि सोडायचं. दोन्ही पावलांवर खड्डे राहिले तर ते लेकरू अतितीव्र कुपोषित धरतात, मग वजन काही का येईना. एकाच पायाला सूज असली तर ती कुपोषणाची धरत नाहीत. आईला ओरडून उपयोग नसतो, तिच्या हातानंच अंगठा दाबून दाखवला की तिला स्वतःला दिसतं आणि ती लेकराला घेऊन दवाखान्यात यायला तयार होते.

औंढ्याचा_शेतकरी

तुम्ही माणसांचं लिहायलात, मी जनावराचं सांगतो, कारण सूज ओळखायला आम्ही जनावरावरच शिकलो. जनावर बोलत नाही, सगळं हातानंच कळून घ्यावं लागतं. गळ्याखाली सूज, अंगात ताप, अन् श्वास घेताना घरघर, तर घटसर्प. त्याला वेळ मिळत नाही, म्हणून पावसाळ्याच्या आधी लस घ्यायची. मांडीला नाहीतर फऱ्याला सूज आली, जनावर लंगडायलंय, सुजेवर हात फिरवला की आत चरचर वाजतं, तर फऱ्या, काही ठिकाणी एकटांग्या म्हणतात. ती चरचर आतल्या हवेची असते. गाईची कास सुजून दगडावानी टणक झाली, दुधात गुठळ्या यायल्यात, तर दगडी. इंग्रजीत मॅस्टायटिस म्हणतात असं आमच्या डॉक्टरनं सांगितलं, अन् बाळंतिणीच्या छातीत दूध साकळून ठणका लागतो त्याला बी तेच नाव आहे.

2022 ला लंपी आला तेव्हा आमच्या गोठ्यात बघितलंय. आधी ताप, डोळ्याला पाणी, मंग अंगभर गाठी, पाय सुजून जनावर उभं राहीना. लंपी हे नाव इंग्रजीतल्या लंपवरूनच पडलंय, गाठीगाठीचा रोग. गोमाश्या, डास, गोचीड यांच्यातून पसरतो, माणसाला होत नाही. तेव्हा शेळीच्या देवीची लस गाईबैलांना टोचली होती.

बैलाच्या खांद्याला जू घासून सूज येते, त्याच्यावर परत जू ठेवलं की फुटते. पोळ्याच्या आदल्या दिवशी आपण खांदमळण करतो, लोणी अन् हळद लावून खांदे मळतो. ते नुसतं सणापुरतं नाही, हात फिरवताना कुठं सूज हाय, कुठं बैल अंग चोरतो ते समजतं. वर्षातून एकदा करण्यापेक्षा औतावरून सोडल्यावर रोज हात फिरवावा, असं मला वाटतं.

किनवट_१०८

मी अॅम्ब्युलन्सवर आहे. सापाच्या केसेसमध्ये सुजेचं काय करायचं ते सांगतो, कारण सोयाबीन काढणीच्या दिवसात तुम्हाला हे पेशंट येतील. घोणस चावली की चावल्या जागेपासून सूज झपाट्यानं वर चढते, फुरसं चावलं तरी सूज येते. म्हणून पहिल्यांदा अंगठी, जोडवी, बांगड्या, पायातला दोरा काढून घ्यायचा, नंतर निघत नाही, कापावं लागतं. घट्ट दोरी बांधून आणली असेल तर स्वतः झटक्यात सोडायची नाही, डॉक्टर समोर असताना सोडायची. सुजेची कड जिथं संपते तिथं पेननं रेघ मारायची आणि रेघेपाशी वेळ लिहायची. थोड्या वेळानं कड पुढं सरकली तर नवी रेघ, नवी वेळ. डॉक्टर आल्यावर तो पाय बघूनच त्यांना समजतं किती वेगानं चढायलीय.

अन् मण्यार चावल्यावर सूज नसते म्हणलं तरी चालेल, दात बी दिसत नाहीत. माणूस रात्री जमिनीवर झोपलेला असतो, पहाटे पोट दुखतंय म्हणतो, पापण्या उघडत नाहीत. तिथं केसपेपरवर नो स्वेलिंग लिहिलं म्हणून कुणी निवांत राहू नये.

वैद्य_परळी

चर्चा चांगली चाललीय, थोडी भर. आयुर्वेदात सुजेला शोथ, शोफ, श्वयथु अशी नावं आहेत आणि चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात श्वयथूवर पूर्ण अध्याय आहे. गाठीसाठी ग्रंथी, मोठ्या वाढणाऱ्या गाठीसाठी अर्बुद, पिकणाऱ्या गळवासाठी विद्रधी, हत्तीरोगाला श्लीपद, असे वेगवेगळे शब्द सुश्रुतांनी वापरलेत. म्हणजे फुगलेल्या सगळ्याला एकच नाव द्यायचं नाही हे आपल्याकडं जुनं आहे.

एक सांगावंसं वाटतं. घरगुती बिब्बा लावू नका. काटा मोडला, मुका मार लागला की खेड्यात बिब्बा तापवून लावतात आणि तो उततो, मूळ दुखणं राहिलं बाजूला, सगळं अंग सुजून, फोड येऊन पेशंट येतो. अशा पेशंटला बिब्बा लावला का, असं सरळ विचारा, नाहीतर तो सांगणार नाही आणि तुम्ही इन्फेक्शन समजून बसाल. हळदीचा लेप मुक्या मारावर ठीक आहे. पण छातीतल्या गाठीवर, मानेच्या गाठीवर लेप लावत महिने घालवणं मला मान्य नाही, माझ्याकडं अशी बाई आली तर मी तिला आधी सोनोग्राफीला पाठवतो.

जिंतूरची_लेक

हे सगळं आमच्या वॉर्डात लावण्यासारखं आहे. शेवटचं विचारते. पोटात गोळा आहे असं म्हणणाऱ्या बाया लई येतात. त्याला लंप लिहू का?

सिस्टर_अंबाजोगाई

आधी विचार, गोळा उठतो का गोळा लागतो. गोळा उठतो म्हणाली तर ती कळ असते, येते अन् जाते, बाई पोटाशी गुडघे घेऊन बसते, तिला क्रॅम्प किंवा कॉलिक लिही. गोळा लागतो म्हणाली तर तिला आडवी करून, गुडघे दुमडायला लावून, हात गरम करून पोटावर ठेव. हाताला खरंच काही लागलं तर पोटाच्या बाबतीत लंपपेक्षा मास लिहितात. पण त्याच्याआधी पाळी कधी आली ते विचार आणि लघवीला जाऊन यायला सांग. भरलेली लघवीची पिशवी पण हाताला गोळ्यासारखीच लागते.